किचनच्या तपासण्या ॲपशीटवर: अलर्ट, पाठपुरावा आणि चुकलेल्या नोंदीचं अख्खं सेटिंग

मी एका सेंट्रल किचनमध्ये क्वालिटी बघायचो तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसातला डीप फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशव्या दाबल्या की बोटं आत जात होती, खालच्या ट्रेमध्ये पाणी, आणि दाराला दोऱ्याने लटकवलेल्या तक्त्यावर मात्र उणे 18, उणे 18, उणे 18 असं एका रांगेत लिहिलेलं, एकाच पेनाने, आणि त्या दिवशीचा संध्याकाळचा रकानासुद्धा आधीच भरलेला. सगळा माल फेकावा लागला. ज्या मुलाने तक्ता भरला त्याच्यावर सगळे चिडले, पण मी त्याच्याशी बसून बोललो तेव्हा तो एवढंच म्हणाला की सर मागच्या महिन्यात मी एकदा उणे 9 लिहिलं होतं, कोणी काहीच विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी तपासणीचं काहीही सेट करायला बसलो की पहिला प्रश्न हाच घेतो, की रीडिंग वाईट आलं तर पुढच्या दहा मिनिटात कुणाच्या फोनवर काय जाणार आणि ते कधी बंद झालं असं मानायचं. फॉर्म बनवणं सोपं आहे, ते अर्ध्या दिवसात होतं. बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि मग कागदावरचा तक्ता फोनमध्ये आला एवढाच फरक पडतो.

खाली जे लिहितोय ते गुगलच्या ॲपशीटवर (शीटमधल्या डेटावरून ॲप बनवायचं साधन) आहे, कारण कोडिंग लागत नाही, डेटा आपल्याच गुगल शीटमध्ये राहतो, आणि आधी 10 जणांपर्यंत फुकट ट्रायल घेता येते. तुमच्याकडे सेफ्टीकल्चर (जुनं नाव आयऑडिटर) किंवा दुसरं काही तयार सॉफ्टवेअर असेल तरी हरकत नाही, तिथे टेम्प्लेट, शेड्यूल, ॲक्शन अशी नावं असतील पण विचार तोच लागतो. उदाहरण मी किचनचं घेतलंय, एक सेंट्रल किचन आणि तीन-चार आउटलेट असं धरा. कारखान्याच्या फोर्कलिफ्टला किंवा सोसायटीच्या लिफ्टलाही हाच सांगाडा चालतो.

आधी कागदावर बसा, ॲप उघडू नका

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक तपासणीसाठी चार गोष्टी लिहा: काय मोजायचं, हद्द किती, हद्द ओलांडली तर लगेच काय करायचं, आणि ते करणारा माणूस कोण. माणसाच्या जागी "किचन टीम" असं लिहू नका, टीमला गेलेला अलर्ट कोणालाच गेलेला नसतो. शिफ्टप्रमाणे एकच नाव, आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुसरं एक नाव.

हद्दी बहुतेक ठरलेल्याच आहेत. फ्रिजमधलं खाणं 5 अंश किंवा खाली, फ्रोझन माल उणे 18 किंवा खाली, गरम ठेवायचं ते 60 च्या वर. तळणीच्या तेलासाठी टोटल पोलर कंपाउंड (तेल वारंवार तापून तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे, आणि रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावं लागतं. आम्ही आतली हद्द 22 धरतो, म्हणजे मीटरने 22 दाखवलं की वस्तादला सूचना जाते आणि 25 यायच्या आधीच कढई रिकामी होते. प्रत्येक मोजमापाला अशी एक आतली हद्द ठेवता आली तर ठेवा, खूप भांडणं वाचतात.

पहिल्या फेरीत पाच-सहाच तपासण्या घ्या. मी एकदा 43 प्रश्नांची चेकलिस्ट एकदम चढवली होती, तिसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरं "हो" अशी एका मिनिटात यायला लागली.

शीट नीट मांडा, इथे घाई केली तर पुढे सगळं परत करावं लागतं

एका गुगल शीटमध्ये चार टॅब करा.

उपकरणं: कोड (जसं की डीएफ-02), नाव, आउटलेट, प्रकार, किमान हद्द, कमाल हद्द, जबाबदार माणूस, चालू आहे की बंद.
नोंदी: आयडी, उपकरण, वेळ, रीडिंग, नोंदीवेळची किमान आणि कमाल हद्द, हद्दीत आहे का, फोटो, लगेच काय केलं, कोणी घेतलं.
कामं: आयडी, कोणत्या नोंदीतून आलं, उपकरण, कोणाकडे, उघडल्याची वेळ, मुदत, स्थिती, वर कळवलं का, काय दुरुस्ती केली.
माणसं: नाव, आउटलेट, ईमेल, भूमिका, साप्ताहिक सुट्टी.

हद्दी उपकरणांच्या टॅबमध्येच ठेवा, फॉर्म्युल्यात आकडा टाकू नका. उद्या नवीन फ्रीजर आला की एक ओळ वाढवायची आणि झालं, ॲपला हात लावायला नको. आणि नोंद होताना त्या वेळची हद्द नोंदीच्या ओळीत कॉपी होऊ द्या. याचं कारण असं की ॲपशीटमध्ये व्हर्च्युअल कॉलम (शीटमध्ये नसलेला, ॲपच मोजतं तो) प्रत्येक सिंकला, म्हणजे ॲप आणि शीट जुळवताना, नव्याने मोजला जातो, त्यामुळे तुम्ही सहा महिन्यांनी हद्द बदलली की जुन्या नोंदीही अचानक नापास किंवा पास दिसायला लागतात, आणि ऑडिटर समोर बसलेला असताना हे कळणं फार वाईट. म्हणून "हद्दीत आहे का" हा शीटमधला खरा कॉलम ठेवा, त्यात फॉर्म्युला द्या, तो नोंद सेव्ह होताना मोजला जातो आणि तसाच राहतो.

आयडीसाठी इनिशियल व्हॅल्यूमध्ये (नवीन ओळीत आपोआप भरलं जातं ते) युनिकआयडी (दरवेळी वेगळा कोड देणारं फंक्शन) वापरा, ओळ नंबरला "की", म्हणजे ओळीची ओळख, करू नका, कोणीतरी शीटमध्ये मधली ओळ उडवली की सगळे धागे सुटतात. आणि शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल (तारीख लिहायची देशाची पद्धत) आणि टाइमझोन भारताचा आहे का ते बघा, ॲपशीटमध्ये टेबलचा लोकेलही तोच ठेवा. नाहीतर 4 मार्चचं 3 एप्रिल होतं आणि मुदतीचे सगळे अलर्ट भलत्याच दिवशी जातात.

फॉर्म: खोटं लिहायची गरज पडू नये असा

शीटमधून एक्स्टेंशन्स, मग ॲपशीट, मग ॲप तयार करा असं गेलात की सांगाडा आपोआप उभा राहतो. त्यानंतर नोंदींच्या टेबलमधले कॉलम एकेक करून बघा.

उपकरणाचा कॉलम रेफ प्रकारचा (दुसऱ्या टॅबच्या ओळीशी जोडणारा) करा आणि त्याला स्कॅनेबल चालू करा. प्रत्येक फ्रीजरच्या दारावर त्याच्या कोडचा क्यूआर चिकटवा, वर जाड सेलोटेप, कारण ओल्या हाताने दोन आठवड्यात कागद निघतो. स्कॅन केल्याशिवाय नोंद होत नाही असं वळण लावलं की माणूस निदान फ्रीजरसमोर उभा तरी राहतो. वेळेच्या कॉलमला इनिशियल व्हॅल्यू नाऊ (आत्ताची वेळ) आणि एडिटेबल बंद.

कोणी घेतलं यासाठी युजरईमेल वापरा असं सगळीकडे सांगतात, पण किचनमध्ये बहुतेक एकच टॅब्लेट असतो आणि तो आउटलेटच्या ईमेलने उघडलेला असतो, त्यामुळे सगळ्या नोंदी आउटलेटच्या नावावर पडतात. तिथे नावांची यादी द्या, त्या आउटलेटचीच नावं दिसतील अशी.

आता रीडिंग. व्हॅलिड इफ (आकडा कधी स्वीकारायचा ती अट) मध्ये "उणे 18 पेक्षा जास्त चालणार नाही" असं टाकायचा मोह होतो. टाकू नका, कळकळीने सांगतो. फॉर्मने वाईट आकडा घेतलाच नाही तर मुलाकडे एकच रस्ता उरतो, चांगला आकडा लिहून पुढे जाणे, त्याला मागे पाच फ्रीजर आणि भाजी चिरायची असते. फक्त अशक्य आकडे अडवा, उणे 60 च्या खाली आणि 250 च्या वर असे. वाईट पण खरा आकडा सहज आत आला पाहिजे.

मग हद्द मोडली तरच दोन खाने दिसू द्या: फोटो आणि लगेच काय केलं. शो इफ (कधी दिसावं) आणि रिक्वायर्ड इफ (कधी भरणं सक्तीचं) दोन्हीत तीच अट. "लगेच काय केलं" ला टाइप करायला लावू नका, चार-पाच पर्याय द्या: दार नीट लावलं, माल दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवला, मेकॅनिकला फोन केला, माल फेकला.

एक बारीक पण रोजचा त्रास म्हणजे उणे चिन्ह. घाईत 18 लिहिलं जातं, आणि उणे 18 च्या जागी अधिक 18 गेलं की पहाटे पाचला मॅनेजरचा फोन वाजतो. मी फ्रीजर प्रकाराच्या उपकरणाला रीडिंग शून्याच्या वर असेल तरच "खरंच शून्याच्या वर आहे का?" असा हो-नाहीचा खाना दाखवतो. "नाही" म्हटलं तर व्हॅलिड इफ आकडा सुधारायला लावतो, "हो" म्हटलं तर नोंद जाऊ देतो. आठवडाभरात खोटे अलर्ट जवळजवळ बंद झाले.

नावं-लेबलं मराठीत करा, हिंदीतही ठेवा. आमच्या किचनमध्ये ओडिशा, उत्तर प्रदेश, नेपाळची मुलं आहेत, त्यांना "करेक्टिव्ह ॲक्शन" वाचून काही कळत नाही, "क्या किया" लगेच कळतं. कॉलमच्या डिस्प्ले नेममध्ये हे होतं, मूळ नाव बदलावं लागत नाही.

पहिला बॉट: वाईट रीडिंग आलं

डावीकडे ऑटोमेशन उघडा, नवीन बॉट (ठरलेल्या वेळी किंवा घटनेला आपोआप चालणारं काम) करा. ॲपशीटमध्ये बॉटचे दोन भाग, इव्हेंट म्हणजे कधी, प्रोसेस म्हणजे काय काय.

इव्हेंटमध्ये टेबल नोंदी, प्रकार ॲड्स ओन्ली (फक्त नवीन ओळी). अपडेट्स पण चालू ठेवलं तर कोणी नंतर फोटो जोडला की तोच अलर्ट परत जातो. अट: "हद्दीत आहे का" या कॉलममध्ये "नाही".

प्रोसेसची पहिली पायरी रन अ डेटा ॲक्शन, आणि त्यातून कामांच्या टेबलमध्ये नवीन ओळ. उपकरण, जबाबदार माणूस, उघडल्याची वेळ आत्ताची, मुदत आत्ताच्या वेळेत फ्रीजरला 30 मिनिटं, तेलाला तासभर, स्थिती "उघडं". दुसरी पायरी रन अ टास्क, त्यात नोटिफिकेशन आणि ईमेल. क्रम हाच ठेवा, आधी काम नोंदलं गेलं पाहिजे मग मेसेज, कारण मेसेज फोन बंद असल्यामुळे चुकू शकतो पण काम शीटमध्ये पडलेलं असतं. दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये ठेवायचं कारण असं की एका बॉटने घातलेल्या ओळीमुळे दुसरा बॉट आपणहून जागा होत नाही, त्यासाठी ट्रिगर अदर बॉट्स वेगळं चालू करावं लागतं, आणि लोक यातच दोन दिवस घालवतात.

मेसेजमध्ये पहिल्या ओळीतच सगळं यायला हवं. "तपासणी नापास झाली आहे, कृपया ॲप पहा" असा मेसेज तिसऱ्या दिवसापासून कोणी उघडत नाही. माझा असा असतो: "डीएफ-02 कोथरूड, उणे 9 अंश, हद्द उणे 18. माल हलवा, 7.50 पर्यंत परत रीडिंग घ्या." गाडी चालवत असलेला मॅनेजर सिग्नलला एवढं वाचू शकतो आणि फोन लावू शकतो.

आणि लगेच मालकापर्यंत जाऊ नका. फ्रीजर डीफ्रॉस्टला असतो, किंवा नुकताच माल भरलेला असतो, दार दहा मिनिटं उघडं असतं, तेव्हा तापमान वर जातंच. पहिलं वाईट रीडिंग फक्त शिफ्टच्या माणसाला, 20-30 मिनिटांनी दुसरं घ्यायला सांगायचं. दुसरंही वाईट आलं तर मॅनेजर. हे प्रोसेसमध्येच ब्रँच ऑन अ कंडिशन लावून होतं: या उपकरणाचं एखादं काम आधीच उघडं आहे का? असेल तर मॅनेजरला मेसेज आणि नवीन काम उघडायचं नाही. नसेल तर नवीन काम. ही एक ब्रँच नसली की एकाच बिघडलेल्या फ्रीजरची दिवसात नऊ कामं उघडतात आणि कोणतं बंद करायचं हेच कळत नाही.

काम बंद कधी म्हणायचं

स्थिती चारच ठेवा: उघडं, चालू, पडताळणी, बंद. ज्याने दुरुस्त केलं त्याला "पडताळणी" पर्यंतच नेता येईल, "बंद" मॅनेजर करेल. आणि मॅनेजरलाही "बंद" तेव्हाच करता यावं जेव्हा त्या उपकरणाची, काम उघडल्यानंतरची, हद्दीतली किमान एक नोंद टेबलमध्ये आहे. हे व्हॅलिड इफ मध्ये काउंट आणि सिलेक्ट वापरून एका ओळीत लिहिता येतं. "मेकॅनिक येऊन गेला" हे काम झाल्याचं लक्षण नाही, काटा उणे 18 वर आला हे लक्षण.

दुसरा बॉट: मुदत गेली तरी काम तसंच

इव्हेंट शेड्यूल, दर तासाला, आणि फॉर ईच रो इन टेबल चालू करून कामांचं टेबल निवडा. अट: स्थिती बंद नाही, मुदत आत्ताच्या वेळेच्या मागे, आणि "वर कळवलं का" रिकामं. प्रोसेसमध्ये मॅनेजरच्या वरच्या माणसाला मेसेज आणि लगेच "वर कळवलं का" मध्ये "हो". तो शेवटचा भाग विसरलात तर दर तासाला तोच मेसेज रात्रभर जात राहतो आणि सकाळपर्यंत समोरच्याने नोटिफिकेशन बंद केलेलं असतं, मग खरा अलर्टही जात नाही.

तिसरा बॉट: नोंद झालीच नाही

माझ्या मते अख्ख्या सेटिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा बॉट हा, आणि बहुतेक ठिकाणी हाच नसतो. वरचे दोन्ही बॉट काहीतरी लिहिलं गेलं तरच चालतात. कोणी काहीच लिहिलं नाही तर सगळीकडे शांतता, आणि डॅशबोर्ड हिरवागार.

म्हणून सकाळी 11 आणि संध्याकाळी 6 ला शेड्यूल लावा, पण यावेळी टेबल उपकरणांचं निवडा. अट: उपकरण चालू आहे, आणि आजच्या तारखेची या उपकरणाची नोंद शून्य. संध्याकाळसाठी दुपारी 3 नंतरची नोंद शून्य. मेसेज आउटलेट मॅनेजरला. बंद पडलेला किंवा दुरुस्तीला गेलेला फ्रीजर उपकरणांच्या टॅबमध्ये "बंद" करा नाहीतर रोज त्याचा अलर्ट येईल, आणि आउटलेटची साप्ताहिक सुट्टी अटीत घ्या. हा बॉट लावल्यावर पहिल्या आठवड्यातच मला कळलं की एका आउटलेटला रविवारी संध्याकाळची तपासणी कित्येक महिने होतच नव्हती, कारण ती ज्याच्याकडे होती त्याची सुट्टीच रविवारी होती.

तारखांचे अलर्ट

यात फार डोकं लागत नाही. "मुदतीच्या गोष्टी" असा पाचवा टॅब करा: काय, कोणाकडे, पुढची तारीख. रोज सकाळी 9 चं शेड्यूल, अट अशी की पुढची तारीख आजपासून बरोबर 30, 7 किंवा 1 दिवसावर आहे, किंवा उलटून गेलीय. यात काय काय टाकायचं: किचनच्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदाची वैद्यकीय तपासणी, पाण्याचा लॅब रिपोर्ट, पेस्ट कंट्रोल, फायर एक्स्टिंग्विशर. महाराष्ट्रात असाल तर 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालचा फॉर्म बी लायसन्सवाल्या एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, तो टाका, आणि आठवण डिसेंबर आणि जूनच्या सुरुवातीलाच येऊ द्या कारण शेवटच्या आठवड्यात एजन्सीवाले फोन उचलत नाहीत.

आणि प्रोब थर्मामीटर. आठवड्यातून एकदा ग्लासात कुटलेला बर्फ भरायचा, थोडं पाणी घालायचं, प्रोब मध्यभागी धरून ढवळायचं, काटा शून्यावर स्थिरावला पाहिजे. ग्लासाच्या तळाला किंवा काचेला टेकवायचा नाही. प्रोब दोन अंशांनी चुकत असेल तर वरचे सगळे बॉट बिनचूक चालूनही चुकीचंच सांगतात.

चालू करायच्या आधी

दोन गोष्टी लोकांना हमखास नडतात. एक, ॲप डिप्लॉय (टेस्टिंगमधून काढून सगळ्यांच्या वापराला चालू) केलेलं नसेल तर ईमेल फक्त ॲप बनवणाऱ्यालाच येतात. टेस्टिंगला ते बरंच आहे, पण मॅनेजरला मेल येत नाही म्हणून बॉटच चुकलाय असं समजून लोक सगळं उकरत बसतात. डिप्लॉय करायला लायसन्स लागतं, गुगल वर्कस्पेसच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ॲपशीट कोअर आधीच असतं, तुमचा प्लॅन बघून घ्या. दोन, ऑफलाइन. वॉक-इनमध्ये (आत चालत जायच्या थंड खोलीत), बेसमेंटमध्ये रेंज नसते, ॲप नोंद फोनमध्ये ठेवतं आणि नंतर सिंक करतं, पण बॉट चालतो सर्व्हरवर, म्हणजे सिंक झाल्यावर. 7 ला घेतलेलं वाईट रीडिंग 10 ला सिंक झालं तर अलर्ट 10 ला. यावर उपाय सेटिंगमध्ये नाही, किचनमध्ये आहे: वॉक-इनच्या बाहेर वायफायचा एक रिपीटर लावा, आणि बाहेर आल्यावर सिंकचं चिन्ह निघून गेलंय का ते बघायची सवय लावा.

टेस्ट करताना मुद्दाम चुका करा. उणे 9 टाका, दुसऱ्यांदा उणे 9 टाका, मुदत जाऊ द्या, एक फ्रीजर अख्खा दिवस सोडून द्या, नोंदीशिवाय काम बंद करून बघा. प्रत्येक वेळी कोणाला काय गेलं ते ऑटोमेशन मॉनिटरमध्ये दिसतं, कुठली पायरी अडली तेही दिसतं. मग एकाच आउटलेटला दोन आठवडे, कागदाचा तक्ताही सोबत चालू ठेवून. रोज किती अलर्ट गेले ते मोजा. एका माणसाला दिवसाला तीन-चारपेक्षा जास्त जात असतील तर हद्द किंवा उपकरण यातलं काहीतरी चुकतंय, दाराचं रबर गेलेलं असतं बरेचदा, ते आधी बदला आणि मगच दुसऱ्या आउटलेटला हात घाला.

सुरुवातीच्या दिवसात ज्याने वाईट आकडा खरा लिहिला त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, आणि त्या नोंदीवर काय केलं ते त्यालाच येऊन सांगा. आमच्याकडे पहिला खरा अलर्ट पहाटे पावणेसहाला आला, डीएफ-02, उणे 11, आणि माल वेळेत हलवला गेला, एकही पिशवी टाकावी लागली नाही. तो लिहिणारा मुलगा आता नवीन मुलांना प्रोब कसा धरायचा ते शिकवतो.

शेवटचं एक, ॲप आणि शीट दोन्ही कंपनीच्या खात्यावर बनवा, स्वतःच्या जीमेलवर नको. ज्याच्या खात्यावर बनलंय तो नोकरी सोडून गेला आणि खातं बंद झालं की बॉटही थांबतात, आणि ते थांबल्याचा अलर्ट कोणालाच येत नाही. म्हणून दर सोमवारी एक चुकीचं रीडिंग मुद्दाम टाकायचं, "टेस्ट-00" नावाच्या खोट्या उपकरणावर, आणि मेसेज आला की नाही ते बघायचं.